इंजिन धुवायचं नसतं, पुसायचं असतं

पाऊस ओसरून खंडेनवमी जवळ आली की व्हॉट्सअॅपवर एक निरोप हमखास फिरायला लागतो. थोडक्यात तो असा: इंजिन धुण्यासाठी सर्व्हिस सेंटरला पैसे देऊ नका. गाडी फिरवून आणा, इंजिन गरम असतानाच त्यावर डिझेल नाहीतर रॉकेल फवारा, इंजिन चालू ठेवून प्रेशरने पाणी मारा. आजकालची इंजिनं वॉटरप्रूफ असतात. वरून ऑइलचा हात फिरवला की नव्यासारखी चमक येते, अॅव्हरेज वाढतं आणि उंदीर फिरकत नाहीत.

यातली एक गोष्ट मला पूर्ण मान्य आहे. बॉनेटखालची सफाई घरी करता येते आणि करावीसुद्धा. पण सांगितलेली पद्धत धोक्याची आहे, आणि दसऱ्याला गाडीची पूजा करायची म्हणून लोक ती मनापासून पाळतात. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

गरम इंजिनावर डिझेल, हा पहिला. कारण इथे जिवाशी गाठ आहे. उष्णतेने चिकटा लवकर सुटतो, हे खरं. पण आपल्याकडच्या मानकांत डिझेल आणि रॉकेल या दोन्हींच्या फ्लॅश पॉइंटची किमान मर्यादा ३५ अंश सेल्सियसची आहे. म्हणजे तेवढ्या तापमानालाही त्यांची वाफ ठिणगी मिळाल्यास पेट घेऊ शकते. ऑक्टोबरच्या उन्हात उभ्या गाडीचा पत्रासुद्धा याहून जास्त तापतो. इंजिनात फिरणारं कूलंट ९० अंशांच्या आसपास असतं. आणि नुकत्याच फिरवून आणलेल्या गाडीचा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, म्हणजे इंजिनातून जळका धूर सायलेन्सरकडे नेणारा भाग, दोन-तीनशे अंशांपर्यंत सहज तापलेला असतो. एवढ्या तापलेल्या लोखंडावर डिझेल पेटायला ठिणगीचीही गरज लागेलच असं नाही. त्यातून स्प्रेच्या बाटलीतून ते बारीक तुषारांत उडतं, आणि साचलेल्या तेलापेक्षा तुषार फार लवकर पेटतात. त्या वेळी तुमचा चेहरा बॉनेटखाली वाकलेला असतो.

आग लागली नाही तरी नुकसान टळत नाही, ते फक्त पुढे ढकललं जातं. कूलंटचे होज पाइप आणि बऱ्याच नव्या गाड्यांचे बेल्ट ईपीडीएम जातीच्या रबराचे असतात. हे रबर उष्णता आणि पाणी वर्षानुवर्षं सोसतं, पण डिझेल किंवा ऑइल लागत राहिलं की फुगतं, मऊ पडतं. इंजिन ज्या रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं, त्याचंही तेच. चांगला होज थंड असताना दाबून बघा. बोटाला टणक लागतो आणि सोडल्याबरोबर जागेवर येतो. डिझेल प्यायलेला होज लिबलिबीत लागतो, क्लिपच्या दोन्ही बाजूंना फुगलेला दिसतो, आणि घाटात इंजिन तापल्यावर नेमका तिथेच फुटू शकतो. शिवाय धुतलेलं ते काळं पाणी सोसायटीच्या गटारात जातं, गावाकडे ओढ्या-विहिरीच्या वाटेला लागतं. तेलकटपणा काढायला पाण्यात मिसळणारा डीग्रीझर मिळतो, तो वापरा.

गरम इंजिनावर गार पाणी मारणंही तितकंच चुकीचं. तापलेल्या बिडाच्या मॅनिफोल्डला तडा जाऊ शकतो. धुराच्या वाटेवर ऑक्सिजन सेन्सर असतो, त्याच्या आतला भाग सिरॅमिकचा. तापलेल्या काचेच्या पेल्यात गार पाणी ओतल्यावर जे होतं तेच त्याचं होऊ शकतं. बॉनेट उघडून गाडी तास-दोन तास सावलीत उभी करा. इंजिनच्या वरच्या भागावर तळहात निवांत टेकवता आला की कामाला लागा.

आता ‘वॉटरप्रूफ’. हा शब्द सगळ्यात जास्त फसवतो, कारण तो अर्धा खरा आहे. पावसाचं पाणी बॉनेटखाली जातं, रस्त्यावरचं उडतं, आणि त्याने गाडी बंद पडत नाही. वायरिंगचे बरेच कपलर आयपी ६७ दर्जाचे असतात. म्हणजे काय, तर एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडाले तरी आत पाणी जाऊ नये. पण एक मीटर पाण्याचा दाब म्हणजे बारचा जेमतेम दहावा हिस्सा. कारच्या टायरमधली हवा सव्वादोन बारच्या आसपास असते. आणि घरगुती प्रेशर वॉशर १०० ते १३० बारवर चालतो. त्याचं नोझल कपलरपाशी नेलं की धार रबरी सीलच्या कडेतून आत घुसते आणि आतच राहते. आयपी ६७ ही बुडण्याची परीक्षा आहे, धारेची नाही. शिवाय हा दर्जा कपलरचा. अख्ख्या इंजिनाचा नव्हे. अल्टरनेटरला, ज्याला आपण सवयीने डायनामो म्हणतो, गार राहण्यासाठी जाळीसारखी तोंडं उघडीच ठेवलेली असतात. आत तांब्याची गुंडाळी, कार्बन ब्रश आणि बेअरिंग. साबणाचं पाणी तिथे गेलं की गंज धरतो, आणि महिन्या-दोन महिन्यांनी बेअरिंग घरघरायला लागलं की त्याचा संबंध धुण्याशी आहे, हे कुणाच्या ध्यानातही येत नाही.

हे मी स्वतः भोगलंय. एका वॉशिंग सेंटरवर माझी पेट्रोल गाडी अशी धुऊन घेतली होती. संध्याकाळी चकाचक. दुसऱ्या दिवशी सकाळी सेल्फ मारला तर गाडी थरथरायला लागली. उचल घेईना, मिसिंग करत होती, डॅशबोर्डवर इंजिनाचा दिवा उघडझाप करत होता. तशीच रेटत गॅरेजला नेली. मिस्त्रींनी स्पार्क प्लगला ठिणगीसाठी वीज देणारी एकेक कॉइल उपसून काढली आणि प्लगच्या विहिरीत टॉर्च मारला. प्लग इंजिनाच्या डोक्यात चार-पाच इंच खोल बसवलेला असतो आणि वरून कॉइलचं रबरी बूट त्याला झाकतं. “दादा, हे बघा,” ते म्हणाले, “चारपैकी दोन प्लग पाण्यात उभे आहेत.” तळाशी गंजाच्या रंगाचं, चहासारखं पाणी साचलेलं. इंजेक्शनच्या सिरिंजने त्यांनी ते ओढून काढलं, हवेने विहिरी सुकवल्या. एक कॉइल बदलावी लागली. गाडी तशीच रेटायला नको होती, हे त्यांनीच सांगितलं. दिवा असा लुकलुकत असताना चालवलं की न जळलेलं पेट्रोल धूर स्वच्छ करणाऱ्या, सायलेन्सरच्या वाटेवरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे जळतं. त्याने कन्व्हर्टरच्या आतली जाळी निकामी होते, आणि ती बदलायचा खर्च कॉइलच्या कितीतरी पट असतो.

‘इंजिन चालू ठेवलं की पाणी आत जात नाही’ हे तर उलटं आहे. चालू इंजिन अखंड हवा ओढत असतं, आणि एअर फिल्टरच्या तोंडाशी पाणी आलं तर तेही ओढतं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. पुरेसं पाणी सिलिंडरमध्ये गेलं की कनेक्टिंग रॉड वाकतो आणि इंजिन उघडावं लागतं. फिरत्या बेल्टशेजारी ब्रश, फडकं, ओढणीचं टोक, बाही हे सगळं आलं ते वेगळंच. बऱ्याच गाड्यांत किल्ली काढल्यावरही रेडिएटरचा पंखा आपोआप सुरू होऊ शकतो. इंजिन निवलेलं हवं, त्याला हेही एक कारण आहे.

ऑइलचा हात? दोन दिवस चमकतं, मग रस्त्यावरची सगळी धूळ त्यावर बसते. कोकणात लाल मातीचा थर, शहरात काळा. प्लास्टिकला चमक हवीच असेल तर पाण्यात मिसळणारं ड्रेसिंग फडक्यावर घेऊन फिरवा, आणि बेल्टला चुकूनही लावू नका.

अॅव्हरेजचा या सफाईशी संबंध नाही. कारचं इंजिन कूलंटने थंड होतं, बाहेरच्या धुळीने त्याचं पेट्रोल वाढत नाही. रेडिएटरच्या पाकळ्यांत चिखल-कचरा बसला असेल तर इंजिन तापतं आणि एसी नीट गार करत नाही. तेवढी जागा मात्र हलक्या धारेने, जमेल तिथे इंजिनाच्या बाजूने बाहेर, साफ करावी. जोराची धार मारली की त्या पाकळ्या आडव्या होतात.

उंदरांबद्दल थोडं जास्त सांगतो. ते बॉनेटखाली येतात उबेसाठी आणि आडोशासाठी. चकचकीत इंजिनही तेवढंच उबदार असतं. सफाईचा खरा फायदा असा की कुरतडलेली वायर, ओढून आणलेला कागद-चिंध्या वेळेत दिसतात. पण लेंड्या दिसल्या तर कोरड्या झाडू नका, ब्लोअर मारू नका. उंदराच्या मुतातून लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिस हा ताप, होतो आणि हाताला जखम असली की तो तिथून शरीरात शिरतो. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर मुंबईने त्याची साथ पाहिली आहे. हातमोजे घाला, जंतुनाशकाने भिजवा, ओल्या कागदाने उचला, मग हात साबणाने धुवा.

मी स्वतः काय करतो, तेही सांगतो. गाडी थंड. आधी एक फोटो. सुकी पानं हाताने काढायची, विशेषतः काचेखालच्या जाळीतली. बॅटरीची आधी निगेटिव्ह वायर सोडायची. टर्मिनलवर पांढरी-हिरवी भुकटी धरली असेल तर कपभर पाण्यात चमचाभर खायचा सोडा कालवून जुन्या टूथब्रशने घासायची. बॅटरीची झाकणं घट्ट बंद हवीत, सोडा आत जाता कामा नये. मग अल्टरनेटर, फ्यूज बॉक्स, ईसीयूचा, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरचा, कपलर, कॉइल आणि एअर फिल्टरचं तोंड प्लास्टिकच्या पिशव्यांनी झाकून रबरबँड लावायचे. किती पिशव्या लावल्या ते मोजून ठेवायचं, कारण तोंडावर राहिलेली एक पिशवी इंजिनाचा श्वास कोंडते. डीग्रीझर बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात पातळ करून फडक्यावर किंवा दोन इंची पेंटच्या ब्रशवर घ्यायचा, थेट फवारायचा नाही. घासायचं, ओल्या मायक्रोफायबरने पुसायचं, मग कोरड्याने. माझ्या गाडीला अर्धी बादलीसुद्धा पाणी लागत नाही.

सीएनजी गाडी असेल तर रेड्युसर (गॅसचा दाब कमी करणारा भाग) आणि गॅसच्या नळ्यांच्या जोडांना फक्त फडकं लावायचं, पाना नाही. हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडीत नारिंगी, म्हणजे हाय-व्होल्टेजच्या, केबल दिसल्या की त्यांच्यापासून पाणी आणि हात दोन्ही लांब.

शेवटी पिशव्या मोजून काढायच्या, बॉनेट तासभर उघडं ठेवायचं, निगेटिव्ह वायर सगळ्यात शेवटी जोडायची आणि दहा मिनिटं गाडी जागेवरच चालू ठेवायची. तिसऱ्या दिवशी टॉर्च घेऊन पुन्हा बघायचं. वरच्या कव्हरच्या कडेला, ऑइल फिल्टरपाशी, होजच्या क्लिपांशी. स्वच्छ केलेल्या जागेवर ऑइलची ताजी रेघ दिसली तर फोटो काढून मिस्त्रींना दाखवायचा. गेल्या वर्षी अशीच एक रेघ मला टॅपेट कव्हरच्या, म्हणजे त्याच वरच्या कव्हरच्या, गॅस्केटखाली दिसली, करंगळीएवढी.