एआय ‘फक्त वाचतं’ म्हणे!

लेखक-कलाकारांचं काम न विचारता वापरून एआय शिकवलं तर बिघडलं काय, असं विचारणारा एक मेसेज सध्या जोरात फिरतोय. त्याचा सारांश असा: माणूस चार पुस्तकं वाचूनच लिहायला शिकतो, एआयही तेच करतं, अस्सल असं जगात काही नसतंच, नेटवर टाकलं ते सगळ्यांचं झालं, कॅमेरा आला तेव्हाही चित्रकार असेच रडले होते, आणि इतक्या लोकांना पैसे वाटणं शक्यच नाही. वाचायला झकास आहे. एकेक मुद्दा घेऊ.

‘माणसासारखंच शिकतं.’ यात तथ्य अजिबात नाही असं नाही. जून २०२५मध्ये अमेरिकेतल्या एका न्यायाधीशांनी अँथ्रॉपिक या एआय कंपनीवरच्या खटल्यात, पुस्तकं वापरून एआय मॉडेल शिकवणं हा तिथल्या कायद्यानुसार ‘रास्त वापर’, म्हणजे परवानगीशिवाय चालणारा वापर, ठरवला. पण त्याच निकालात, पायरेटेड साइटवरून लाखो पुस्तकं उतरवून घेऊन त्यांचा संग्रह करणं मात्र माफ केलं नाही. पुढे कंपनीने दीड अब्ज डॉलरची तडजोड केली, पुस्तकामागे साधारण ३,००० डॉलर. मेसेजवाले अर्धाच निकाल सांगतात. माणूस पुस्तक विकत घेतो, वाचनालयातून आणतो, मित्राचं ढापतो (हो, तेही). पण त्या प्रतीचे पैसे कधीतरी कोणीतरी मोजलेले असतात. शिवाय ‘शिकणं’ आणि ‘साठवणं’ यातली रेघ यंत्राच्या बाबतीत पुसट आहे. नोव्हेंबर २०२५मध्ये म्युनिकच्या न्यायालयाने नऊ जर्मन गाण्यांच्या प्रकरणात चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयविरुद्ध निकाल दिला: गाण्यांचे शब्द मॉडेलमध्ये साठून राहिलेत, म्हणजे ती प्रतच झाली. खालच्या न्यायालयाचा निकाल आहे, शेवटचा शब्द नव्हे. तरी ‘फक्त वाचतं’ हे म्हणणं त्यापुढे टिकत नाही.

‘अस्सल काही नसतंच.’ कॉपीराइट कायद्याने शून्यातून निर्मितीची अट कधी घातलीच नव्हती. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९७८मध्येच स्पष्ट केलं, की कल्पना, विषय, कथानक यांवर कोणाचा हक्क नाही; हक्क आहे तो मांडणीवर. तेव्हा उसन्या कथानकाचा दाखला देऊन मांडणी फुकटात उचलता येत नाही. विषय संपला.

कॅमेऱ्याचा दाखला मात्र मला फार आवडतो, कारण तो उलटाच पडतो. १८८४मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे लेखक ऑस्कर वाइल्डच्या एका फोटोचा वाद गेला. फोटो काढणारा नेपोलियन सरोनी. यंत्राने निघालेल्या फोटोत लेखक कोण, असा प्रश्न होता. न्यायालयाने पाहिलं ते सरोनीने काय केलं: वाइल्डला कसं बसवलं, कपडे कोणते, मागचे पडदे कसे, उजेड-सावली कुठे. या निवडी त्याच्या, म्हणून फोटो त्याचा. हीच कसोटी अमेरिकेचं कॉपीराइट कार्यालय आज एआयला लावतं. जानेवारी २०२५च्या अहवालात ते म्हणतं, की नुसता प्रॉम्प्ट, म्हणजे एआयला लिहून दिलेली सूचना, दिल्याने सध्या तरी कोणी लेखक ठरत नाही. माणसाने पुढे त्यात केलेली निवड, मांडणी, बदल यांना संरक्षण मिळू शकतं. आणि मुख्य गोष्ट राहिलीच. कॅमेरा बनवायला कोणाची चित्रं लागली नव्हती. चित्रं काढणाऱ्या एआयला लागतात, तीही कोट्यवधी.

‘नेटवर आहे म्हणजे सगळ्यांचं.’ दार उघडं दिसलं म्हणून घर धर्मशाळा होत नाही. बर्न करार या कॉपीराइटच्या आंतरराष्ट्रीय करारानुसार लेखकाचा हक्क नोंदणीशिवायच लागू होतो. एआयच्या बाबतीत उदार समजल्या जाणाऱ्या जपानच्या कायद्यातसुद्धा, हक्कदाराच्या हिताला अवाजवी धक्का लागता कामा नये, अशी अट आहे.

राहिला पैशांचा मुद्दा. रेडिओवर वाजणाऱ्या गाण्यांचं मानधन संस्थांमार्फत गोळा होतं आणि वाटलं जातं, तेही कित्येक दशकं. त्यामुळे ‘शक्यच नाही’चा अर्थ ‘द्यायचे नाहीत’ असा घ्यावा. २०२४मध्ये हार्परकॉलिन्स या प्रकाशकाने एका तंत्रज्ञान कंपनीशी एआय शिकवायला पुस्तकं देण्याचा असा करार केला: काही जुनी ललितेतर पुस्तकं, मुदत तीन वर्षं, लेखकाला पुस्तकामागे २,५०० डॉलर, आणि नको असेल तर नकार द्यायची मुभा. रक्कम तुटपुंजी आहे असं म्हणणारे लेखक होते, काहींनी नकार दिलाही. मला त्या रकमेपेक्षा मुभेचं कलम मोलाचं वाटतं. ज्यांनी ‘सर्व माध्यमांतील सर्व हक्क’ अशा ओळीखाली डोळे मिटून सही केली आहे, त्यांना उद्या कोणी विचारायलाही येणार नाही. जुने करार बाहेर काढून ती ओळ एकदा तपासा.