परक्याचा पूर्वज घरी आणण्याची रीतसर पद्धत

दुसऱ्याच्या दारातला पूर्वज आपल्या दालनात उभा करायचा असेल, तर आधी मोसम बघा. घाई कामाची नाही. कॅनडाच्या पश्चिम टोकाला, ब्रिटिश कोलंबियातल्या नास नदीच्या खोऱ्यात निस्गा हे मूळनिवासी लोक राहतात. मासेमारी आणि शिकारीच्या दिवसांत त्यांची गावं रिकामी व्हायची. 1929 साली मारियुस बार्बो या मानववंशशास्त्रज्ञाने निस्जूल घराण्याचा कोरीव खांब हलवला, तो नेमका माणसं अशी गावाबाहेर असताना. साहेबांचा या लोकांच्या रीतिरिवाजांचा गाढा अभ्यास होता, आणि एवढा अभ्यास करून घरात कोण कधी नसतं हेही कळणार नसेल तर तो करायचा कशाला? बिनपदवीचा माणूस असा हिशेब करून आला तर आपण पोलिसांना फोन करतो. ऑक्सफर्डची पदवी असेल तर चहा विचारावा.

वस्तू निवडताना उंच निवडा. हा खांब 11 मीटरचा, लाल सिडारच्या अखंड खोडातला, वजन सुमारे एक टन. एकोणिसाव्या शतकात जोआना मूडी या बाईंनी तो ओयी नावाच्या कारागिराकडून घडवून घेतला. घराण्यातला त्साविट हा लढवय्या, सरदारपदाचा पुढचा वारस, शेजारच्या लोकांशी झालेल्या संघर्षात मारला गेला होता; हे त्याचं स्मारक. निस्गांच्या लेखी त्या लाकडात त्साविटचा आत्मा आहे. म्हणजे तुम्ही नुसतं लाकूड नेत नाही, घरातला माणूस नेता. हा मजकूर पाटीवर लिहू नका. ‘टोटेम पोल, उत्तर अमेरिका’ पुरे. शाळेच्या सहली त्यावर खूश असतात.

आता कायदा. तो आपल्या बाजूचा नसेल तर फार धावपळ होते. सुदैवाने कॅनडा सरकारने मेहनत घेतली होती. असे खांब ज्या सोहळ्यात उभे राहायचे, त्या पॉटलॅचवर 1885 पासून 1951 पर्यंत बंदी होती. शिवाय 1927 पासून मूळनिवासींना जमिनीच्या दाव्यांसाठी पैसे गोळा करायलाही बंदी. समारंभ करायचा नाही, वकील लावायचा नाही. अशा शांत वातावरणात खरेदीला मजा येते.

खरेदी मात्र हवीच, हं. उगाच फुकट उचललं असं कुणी म्हणायला नको. विकणारा एक माणूस शोधा. निस्गा रीतीप्रमाणे खांब अख्ख्या घराण्याचा, वारसा आईकडून चालणारा. एकट्यादुकट्याला तो विकण्याचा अधिकार नाही. पण हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवणारा कुठेही सापडतो. एवढं झालं की तुम्ही ‘सद्भावनेने’ खरेदी केलेली असते, आणि सद्भावनेला मुदत नसते. खांब समुद्र ओलांडून स्कॉटलंडमधल्या एडिनबरोच्या संग्रहालयात गेला आणि नव्वदेक वर्षं तिथे उभा राहिला.

कधीतरी घरचे येतीलच. 2022 च्या ऑगस्टमध्ये निस्जूल घराण्याचे लोक एडिनबरोला आले. अशा वेळी काय करावं, याचा उत्तम नमुना स्टॉकहोममध्ये मिळतो. निस्गांच्या दक्षिणेकडे राहणाऱ्या हाइस्ला लोकांचा एक खांबही 1929 मध्येच स्वीडनला गेला होता. त्यांनी तो मागितला आणि बदल्यात नवा कोरून द्यायची तयारी दाखवली. तो कोरूनही दिला. तरी संग्रहालयाचं म्हणणं होतं की जुना खांब नीट जपणारी इमारत आधी दाखवा. हाइस्लांच्या परंपरेत खांब उन्हापावसात झिजून मातीला मिळणंच अपेक्षित असतं! ज्याने वडील नेले, त्यानेच विचारायचं, ‘तुमच्याकडे एसी आहे का?’ खांब घरी पोचायला 2006 उजाडलं. ही युक्ती वहीत लिहून ठेवा.

निस्गांपुढे ती चालली नाही, कारण त्यांनी लाखगाल्त्साप गावात 2011 सालीच स्वतःचं संग्रहालय उघडलं होतं. त्याआधी, 2000 साली अमलात आलेल्या कराराने कॅनडातल्या संग्रहालयांकडून आपल्या वस्तू परत मिळवायची वाटही त्यांनी काढून ठेवली होती. समोरचा इतका तयारीचा निघाला की आपली पंचाईत होते. डिसेंबर 2022 मध्ये एडिनबरोच्या विश्वस्तांनी होकार दिला, आणि विकणाऱ्याला तो अधिकारच नव्हता हेही मान्य झालं. मग मचाण बांधून खांब आडवा केला, त्साविटला प्रवासासाठी तयार करणारे विधी झाले, आणि कॅनडाच्या हवाई दलाच्या मालवाहू विमानातून, सप्टेंबर 2023 मध्ये, पूर्वज घरी गेले.

तुमच्यावर अशी पाळी येऊ नये म्हणून शेवटची युक्ती लंडनची. तिथल्या काही राष्ट्रीय संग्रहालयांना 1983 चा कायदा वस्तू सहसा देऊ देत नाही. हात बांधलेले असणं किती सोयीचं! निस्गांचा खांब घरी पोचला त्याच्या पुढच्याच आठवड्यात, व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाने वाघनखांच्या करारावर आपल्या मंत्र्यांसोबत सह्या केल्या. ती महाराजांचीच होती याची खात्री संग्रहालय स्वतः देत नाही. तरीही 2024 च्या जुलैत ती साताऱ्यात आली तेव्हा काय तो थाट! तीन वर्षांच्या उसनवारीवर. दाता म्हणून नाव होतं, स्वागताला मंत्री येतात, आणि मुदत संपली की वस्तू परत आपल्या कपाटात. फक्त पावती करताना परतीची तारीख ठळक अक्षरांत घाला. लोक दुसऱ्याची वस्तू परत करायला विसरतात.