मुंगूस मरायला हवे

गेल्या रविवारी सकाळी पोहे खाता खाता नातीबरोबर टीव्हीवर मुंगसाची गोष्ट पाहिली आणि तेव्हापासून मनात जे घोळते आहे ते इथे लिहून टाकतो. आमच्या घोडबंदर रोडवरच्या घरात रविवारची सकाळ मुलाने आणि सुनेने झोपेसाठी राखून ठेवली आहे. आठवडाभर लोकलने ये-जा करणाऱ्यांबद्दल त्यासाठी तक्रार करता येत नाही. तेवढे दोन तास टीव्ही आणि मी असे दोघे मिळून नातीला सांभाळतो, त्यामुळे मुलांसाठीच्या ॲनिमेशनविषयीचे माझे मत आता ऐकीव राहिलेले नाही.

गोष्ट आपल्या सर्वांच्या ओळखीची आहे. पडद्यावरची आई पाणी भरून परत आली, दारात आलेल्या मुंगसाच्या तोंडाला लागलेले लाल तिने पाहिले (ते रक्त नव्हते, टोमॅटो सॉस असावा), भरलेली घागर तिने डोक्यावर उचलली आणि नेमके त्याच क्षणी पाळण्यातले बाळ खळखळून हसले. घागर खाली आली, मुंगसाने डोळा मिचकावला, मागे टाळ्या वाजल्या आणि सोनेरी अक्षरांत पाटी उमटली, 'तात्पर्य : विचार केल्याशिवाय कृती करू नये.' ती पाटी पूर्ण वाचून होण्याआधीच सात वर्षांच्या नातीचा अंगठा रिमोटच्या बटणावर पोहोचला होता.

मला तिचा मुळीच राग आला नाही, कारण त्या बाईने अविचार केलाच कुठे होता? ती वेळेवर थांबली, कोणाचे काही बिघडले नाही, मग ते तात्पर्य नेमके कोणाला उद्देशून होते? पंचतंत्राच्या पाचव्या तंत्रात, म्हणजे 'अपरीक्षितकारक' या भागात, घागर मुंगसावर पडते आणि मुंगूस मरते. पाळण्याजवळ सापाचे तुकडे त्यानंतर दिसतात. हा क्रम हीच ती गोष्ट आहे. तो उलटा केला की उरतो तो केवळ गैरसमज, आणि तोही झाला नाही असा.

आपल्या जुन्या गोष्टी मुलांना किती निर्भयपणे जगाची ओळख करून देत असत, हे आपण विसरलो आहोत. पहिल्या तंत्रात, मित्रभेदात, दमनक नावाचा कोल्हा पिंगलक सिंह आणि संजीवक बैल यांच्या मैत्रीत विष कालवतो. सिंहाच्या हातून बैल मारला जातो, सिंह नंतर हळहळतो आणि दमनक त्याचे सांत्वन करून निवांतपणे मंत्रिपदावर बसतो. त्याला कसलीही शिक्षा होत नाही. हे आजच्या वाहिन्यांनाच खटकते असेही नाही, कारण आठव्या शतकात इब्न अल-मुकफ्फा या लेखकाने या गोष्टी पहलवीवरून, म्हणजे इराणच्या जुन्या भाषेवरून, अरबीत नेल्या तेव्हा त्या ग्रंथात दमनकावरच्या खटल्याचे एक जादा प्रकरण आले, जे संस्कृतात नाही आणि जे त्यानेच रचले असावे असे अभ्यासक मानतात. दुष्टाला मोकळे सोडणे त्यालाही जड गेले असणार. परंतु त्याने निदान बैलाला जिवंत केले नाही.

तात्पर्याच्या या सुळसुळाटाला पैशाचेही एक कारण आहे, आणि त्याकडे आपले लक्ष जात नाही. ॲनिमेशनमध्ये पडद्यावर सेकंदाला 24 चित्रे सरकतात. पात्र चालले, अडखळले, त्याचे खांदे पडले, की ते सारे घडवावे लागते, मग ते हाताने असो वा संगणकावर. याउलट पात्र एका जागी उभे करून नुसते ओठ हलवले तर काम फार स्वस्तात होते. म्हणून स्वस्तातल्या मालिकांत पात्रे सतत बोलतात, एकमेकांना उपदेश करतात, आणि जे अंगातून दिसायला हवे होते ते तोंडाने सांगून मोकळी होतात. आपल्याकडे सुरुवात अशी नव्हती. मुंबईत फिल्म्स डिव्हिजनच्या कार्टून विभागाने 1957 मध्ये, डिस्नेमधून आलेल्या क्लेअर वीक्स यांच्या मार्गदर्शनाखाली 'द बॅनियन डिअर' केला, तेव्हा त्यांनी जातकातली अशी कथा निवडली होती जिच्यात गाभण हरिणीच्या जागी कळपाचा राजा स्वतः मरायला जातो. तो वाचतो, पण त्याने मान पुढे केल्यानंतर वाचतो.

कुटुंबाच्या साहसकथांपैकी ज्या मुलांच्या मनात खरोखर घर करतात, त्यांत मोठी माणसेही चुकतात असे मला दिसून आले आहे. 2003 च्या 'फाइंडिंग नीमो'मध्ये पहिल्याच प्रसंगात आई आणि एक सोडून सगळी अंडी नाहीशी होतात, आणि त्या धसक्याने बाप पोराला इतके जपतो की पोर चिडून उघड्या समुद्राकडे जाते. पुढचा सगळा प्रवास बापाने सुधारण्याचा आहे. आमच्या नातीने तो हिंदीत पाहिला. ठाण्यातल्या मल्टिप्लेक्समध्ये अशा चित्रपटाचा मराठी खेळ मला आजवर एकदाही सापडलेला नाही, पण ते दुःख वेगळे, त्यावर पुन्हा कधीतरी. चित्रपट संपल्यावर तिने आपल्या बाबांकडे ज्या नजरेने पाहिले, ती नजर कोणत्याही सोनेरी पाटीने आणली नसती.

सूनबाईंचे म्हणणे वेगळे आहे आणि ते मी उडवून लावत नाही. लहान मूल रात्री दचकून उठले तर त्याला थोपटायला आबा येत नाहीत, असे त्या म्हणतात, आणि ते खरे आहे. चार वर्षांच्या मुलाला मुंगसाचा मृत्यू दाखवू नये, हे मलाही मान्य आहे. मात्र मग त्याला ती गोष्टच दाखवू नये. लाकूडतोड्याची दाखवावी, टोपीवाल्याची दाखवावी, आपल्याकडे गोष्टींचा काही दुष्काळ नाही. तिखट सोसत नाही म्हणून मिसळीतली तर्री काढून घेणे आणि त्या वाटीला मिसळ म्हणणे, याला माझा विरोध आहे.

त्याच संध्याकाळी तलावपाळीवर कठड्यापाशी बसून मी नातीला मूळ गोष्ट सांगितली. घागर पडली, तशी ती कणसाचे दाणे सोलायची थांबली. बराच वेळ पाण्यातल्या होड्यांकडे पाहत राहिली.

"आबा, पण मुंगूस दारात कशाला आलं होतं?"

"तिला सांगायला. बाळाला मी वाचवलं, म्हणून." संस्कृतातही तसेच आहे, केलेले काम दाखवायला ते आनंदाने आईसमोर येते.

"मग तिने आधी त्याची भाषा शिकायला पाहिजे होती ना," असे म्हणून तिने अर्धे कणीस माझ्या हातात ठेवले आणि आपल्याला आता नको म्हणाली.