शनिवारच्या भक्तांसाठी चार युक्तीच्या गोष्टी

अभिनंदन! मुलीला अमेरिकेतल्या मोठ्या स्टेट युनिव्हर्सिटीत कम्प्युटर सायन्सला प्रवेश मिळाला, पहिल्या सेमिस्टरची फी भरून झाली, गाडीच्या मागच्या काचेवर स्टिकरही लागला. पण एवढ्यावर थांबलात तर तुम्ही नुसते फी भरणारे बाप राहाल, आणि त्या जमातीला कॅम्पसवर कोणी विचारत नाही. तुम्हाला दर शनिवारी रंगणाऱ्या कॉलेज फुटबॉलचे (अमेरिकन फुटबॉल, लांबट चेंडू हातात घेऊन पळतात तो) चाहते व्हायला हवं. त्यासाठी थोडा अभ्यास लागतो. घाबरू नका, खेळाडूंना पास व्हायला लागतो त्याहून फार नाही.

आधी एक गोष्ट मनाशी पक्की करा. युनिव्हर्सिटी म्हणजे फुटबॉल टीमला जोडून काढलेली शिक्षणसंस्था. हे मी पदरचं सांगत नाही. १९५१ साली ओक्लाहोमा युनिव्हर्सिटीचे अध्यक्ष जॉर्ज क्रॉस राज्याच्या सिनेटपुढे पैसे मागायला उभे राहिले आणि म्हणाले, फुटबॉल टीमला अभिमान वाटेल अशी युनिव्हर्सिटी आम्हाला उभारायची आहे. त्यांनी मारला होता टोमणा. पुढच्या पिढ्यांनी तो धोरण म्हणून राबवला. आज मिशिगनच्या स्टेडियममध्ये १ लाख ७ हजारांवर माणसं बसतात. वानखेडे तीनदा भरून वर लोक उरतील.

शैक्षणिक दर्जाबद्दल शंका येऊ लागली तर साखळ्यांची, म्हणजे आपसांत सामने खेळणाऱ्या युनिव्हर्सिट्यांच्या गटांची, नावं आठवू नका. ‘बिग टेन’मध्ये सध्या १८ युनिव्हर्सिट्या आहेत, ‘बिग ट्वेल्व्ह’मध्ये १६. ‘अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्स’मध्ये २०२४पासून कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड आणि बर्कली आहेत, ज्यांच्या अंगणाशी पॅसिफिक आहे. या सगळ्या संस्था गणित आणि भूगोल शिकवतात. चांगलाच शिकवतात, असं ऐकून आहे.

आता शाळकरी खेळाडूंची भरती. इथलं पहिलं कर्तव्य म्हणजे कुठल्यातरी खेड्यातल्या सतरा वर्षांच्या पोराची उंची, वजन आणि चाळीस यार्ड पळायला लागणारा वेळ तोंडपाठ असणं. मुलीच्या रूममेटचं नाव आठवलं नाही तरी चालेल. प्रत्येक पोराला दोन ते पाच स्टार मिळालेले असतात. हे स्टार देणाऱ्यांवर श्रद्धा ठेवायची की नाही, हे पोरगा कुठे जातो त्यावर ठरवायचं. तीन स्टारवाला आपल्याकडे आला तर, ‘या रेटिंगवाल्यांना काय कळतंय! पोरगा हिरा आहे.’ पाच स्टारवाला शत्रूकडे गेला तर, ‘आपल्या कोचनेच नाद सोडला होता, पोराचा ॲटिट्यूड बरोबर नाही.’ तुम्हाला हे अवघड जाऊ नये. स्थळाकडून नकार आला की आपले काका ‘आम्हालाच पत्रिका पसंत नव्हती’ म्हणतात, तीच ही विद्या.

पोरगा कुठल्या युनिव्हर्सिटीकडून खेळणार, त्या कागदावर सही करण्याच्या दिवसाचा सोहळा तर बघाच. शाळेच्या जिममध्ये टेबल, टेबलावर तीन-चार युनिव्हर्सिट्यांच्या टोप्या, मागे आई, आजी, मामा. पोरगा एका टोपीकडे हात नेतो, थबकतो, दुसरीच उचलून डोक्यावर घालतो. त्या क्षणी तीन राज्यांतली चाळिशी उलटलेली, होम लोन फेडणारी माणसं खुर्चीतून उठून त्या पोराला नको नको ते लिहितात. तुम्हीही लिहा. त्याला मतदानाचा हक्क नसेल, पण तुमच्या शिव्या खाण्याइतका तो सज्ञान झाला, कारण त्याने टोपी चुकीची उचलली.

कोच मंडळी याच पोरासाठी काय काय करतात ते पाहून मात्र गहिवरून यायचं. २०१६ साली मिशिगनचे कोच जिम हार्बॉ एका किकरच्या, म्हणजे चेंडूला लाथ मारण्यात तरबेज असलेल्या शाळकरी पोराच्या, घरी रात्री मुक्कामाला गेले होते. झोपायला! तुमच्या मुलीच्या प्रवेशासाठी कम्प्युटर सायन्सचा हेड तुमच्या हॉलमध्ये गादी टाकून झोपला होता का? नाही ना? मग कोणाची मागणी जास्त ते समजून घ्या.

कोच हा विषय आला म्हणून पगाराचंही सांगून टाकतो. बहुतेक राज्यांत सगळ्यांत जास्त पगार घेणारा सरकारी माणूस राज्यपाल नसतो, युनिव्हर्सिटीचा कुलगुरूही नसतो; तो फुटबॉलचा नाहीतर बास्केटबॉलचा कोच असतो. आणि खरी कमाई जिंकण्यात नाही, हाकलले जाण्यात आहे. टेक्सस ए अँड एमने जिम्बो फिशरना २०१७च्या शेवटी दहा वर्षांचा, साडेसात कोटी डॉलरचा करार दिला. मध्ये खूश होऊन तो वाढवला. २०२३च्या नोव्हेंबरमध्ये त्यांना काढलं, तेव्हा काम न करण्याबद्दल द्यायची रक्कम होती सुमारे ७ कोटी ६० लाख डॉलर. नीट वाचा: सबंध मूळ करार होता त्याहून जास्त. या वेळी चाहत्याने ‘एवढे पैसे?’ असं विचारायचं नसतं. ‘हे दोन वर्षं आधीच करायला हवं होतं’ असं म्हणायचं. कुठल्या विभागाची प्रिंटरची शाई संपली, टीए मंडळी (शिकवायला मदत करणारे विद्यार्थी) पगारवाढ मागत फलक घेऊन उभी आहेत, ही चर्चा सोमवारी. सोमवारी तुम्हाला वेळ नसतो.

कोचवर माया किती दिवस करावी यालाही रीत आहे. जीन चिझिकनी २०१०चा मोसम ऑबर्नला विजेतेपद मिळवून दिलं; २०१२च्या शेवटी घरी. एड ऑर्जरॉनची एलएसयू (लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटी) २०२० च्या जानेवारीत एकही सामना न हरता अजिंक्य झाली. २०२१ च्या ऑक्टोबरात त्यांची पाठवणी ठरली. लेन किफिनना तर यूएससीने (युनिव्हर्सिटी ऑफ सदर्न कॅलिफोर्निया) २०१३ साली सामना हरून परतल्या परतल्या विमानतळावरच नारळ दिला. तेव्हा कोचचा पुतळा उभारायची वर्गणी गोळा करा, पण पावती लगेच फाडू नका. नवा कोच शोधायला सुरुवात झाली की फोनवर विमानांचा माग काढणारं ॲप उघडून बसायचं. कुठलं खासगी जेट कुठल्या गावाहून निघालं, यावरून कोण येतंय त्याचा अंदाज बांधणारे अनुभवी लोक आहेत. ऑफिसात डेडलाइनचा पत्ता नसतो, पण अलाबामा युनिव्हर्सिटीच्या गावी, टस्कलूसाला, रात्री सव्वा अकराला कुठलं विमान उतरलं ते माहीत असतं.

आता येतो तो विषय ज्यात तुम्ही, मराठी मध्यमवर्गीय म्हणून, सहज पारंगत व्हाल असं मला वाटलं होतं: अभ्यास. इथे सूत्र एकच. शैक्षणिक दर्जा ही प्रतिस्पर्ध्याला लागू करायची वस्तू आहे.

उदाहरणार्थ जॉर्जिया युनिव्हर्सिटी, साल २००१. बास्केटबॉलच्या मुख्य कोचचे चिरंजीव सहायक कोच, आणि त्यांचाच एक कोर्स: बास्केटबॉलच्या कोचिंगची तत्त्वं आणि डावपेच. परीक्षेत २० प्रश्न, बहुपर्यायी. बास्केटबॉलच्या कोर्टवर किती बास्केट असतात? कॉलेजच्या सामन्यात किती हाफ असतात? तीन पॉइंटच्या बास्केटला किती पॉइंट मिळतात? शेवटच्या प्रश्नाला चार पर्याय होते, म्हणजे तीन चुकीची उत्तरं कोणीतरी बसून विचारपूर्वक तयार केली. वर्गात सगळ्यांना ए. तुम्ही जॉर्जियाचे नसाल तर हा पेपर पाठ करा, जन्मभर पुरेल. जॉर्जियाचे असाल तर, ‘जुनी गोष्ट आहे, आणि तो बास्केटबॉल होता, फुटबॉल नव्हे.’

याहून वरच्या इयत्तेतलं प्रकरण नॉर्थ कॅरोलायनाचं. चॅपल हिल म्हणजे साधीसुधी जागा नव्हे, देशातल्या अव्वल सरकारी युनिव्हर्सिट्यांपैकी. तिथे १९९३ ते २०११ अशी अठरा वर्षं एका विभागात कागदी कोर्स चालले. वर्ग भरत नसे, प्राध्यापक नसत. शेवटी एक निबंध द्यायचा आणि ऑफिसातून चांगला ग्रेड यायचा. २०१४ च्या चौकशी अहवालात ३,१०० हून जास्त विद्यार्थी निघाले, त्यांतले जवळपास निम्मे खेळाडू. मग एनसीएएने, म्हणजे कॉलेजांच्या खेळांवर देखरेख करणाऱ्या मंडळाने, २०१७ साली निकाल दिला: नियमभंग सिद्ध होत नाही, कारण हे कोर्स खेळाडू नसलेल्या विद्यार्थ्यांनाही खुले होते. फसवणूक करायचीच तर भेदभाव न करता करावी, सगळ्यांना समान संधी द्यावी. इतकं पुरोगामी धोरण त्या मंडळाने दुसऱ्या कशात दाखवल्याचं मला आठवत नाही.

पण मंडळ ढिलं आहे असं समजू नका. ओक्लाहोमात पदवीदानाच्या मेजवानीत तीन खेळाडूंच्या ताटात ठरलेल्यापेक्षा जास्त पास्ता पडला. युनिव्हर्सिटीने स्वतःहून कबुली दिली, आणि त्या तिघांना पुन्हा पात्र ठरण्यासाठी प्रत्येकी ३ डॉलर ८३ सेंट धर्मादाय द्यावे लागले. पास्त्याची किंमत. खोटे कोर्स पचले, शेवया पचल्या नाहीत.

कनेक्टिकटचं बघा. खेळाडूंच्या शैक्षणिक प्रगतीचे गुण कमी पडले म्हणून त्यांच्या बास्केटबॉल टीमला २०१३ च्या मुख्य स्पर्धेत बंदी होती. २०१४ साली परत आले आणि थेट विजेते झाले. म्हणजे नापास होऊन वर्ष घरी बसलं तरी बोर्डात पहिलं येता येतं. त्याच टीमचा शबाझ नेपियर तेव्हा पत्रकारांना सांगत होता की कधी कधी रात्री उपाशी झोपावं लागतं. काही दिवसांतच एनसीएएने खेळाडूंच्या जेवणावरची मर्यादा उठवली. चाहत्यांनी नेपियरबद्दल अश्रू ढाळले, हातात बारा डॉलरची बिअर धरून.

घरी मात्र वेगळा न्याय ठेवा. मुलीला डेटा स्ट्रक्चर्समध्ये बी प्लस आला तर फोनवर अर्धा तास बौद्धिक घ्या, ‘उरलेले मार्क कुठे गेले’ ते विचारा. टीमचा डाव चालवणाऱ्या क्वार्टरबॅकच्या बाबतीत दुसऱ्या वर्षी चारपैकी १.८ जीपीए (ग्रेडची सरासरी) असला की पुरे, नियमच तसा आहे, १.८१ असेल तर त्याच्या चिकाटीचं कौतुक करा. (एक खरं बोलून घेतो, मग पुन्हा कामाला लागू. नियमाने खेळाला आठवड्याचे जास्तीत जास्त २० तास द्यायचे असतात. एनसीएएच्या स्वतःच्याच पाहण्यांत फुटबॉलवाल्या पोरांनी ४० च्या वर सांगितलेत. एवढं राबून कॅल्क्युलसला उभा राहणारा पोरगा वर्गात झोपला तर मला त्याचं नवल वाटत नाही, जागा राहिला तर वाटतं.)

पैशांच्या बाबतीत तत्त्वनिष्ठ राहा. २०१० साली जॉर्जियाच्या ए. जे. ग्रीनने स्वतःची सामन्यातली जर्सी विकली, म्हणून त्याला चार सामने बाहेर बसवलं. त्याच्या नंबरची जर्सी युनिव्हर्सिटीच्या दुकानात तेव्हाही मिळत होतीच. हा झाला हौशी खेळाचा सुवर्णकाळ. मग २०२१ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने नऊ विरुद्ध शून्य मतांनी एनसीएएला फटकारलं, त्याच जुलैपासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर जाहिराती करून पैसे घेता येऊ लागले, आणि २०२५ साली खटल्यात झालेल्या तडजोडीनंतर युनिव्हर्सिटी स्वतःच खेळाडूंना वर्षाला साधारण २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत वाटू शकते. आता तुम्ही खिन्न व्हायचं. ‘पैसा आला आणि खेळातलं पावित्र्य गेलं’ हे वाक्य म्हणायचं, आणि जिथे म्हणाल ते स्टेडियम कुठल्यातरी कंपनीच्या नावाचं नाही ना, तेवढं आधी बघून घ्यायचं.

पोरगा ट्रान्सफर पोर्टलमध्ये (टीम बदलू पाहणाऱ्या खेळाडूंच्या यादीत) नाव घालून दुसऱ्या युनिव्हर्सिटीत गेला तर तो कृतघ्न. कोच करार मोडून गेला तर ती करिअरमधली प्रगती. तुम्ही पंधरा टक्के वाढीसाठी एच-वन बी तीन कंपन्यांतून फिरवलात, तो मात्र कर्तबगारीचा भाग, त्याचा इथे संबंध नाही.

भक्ती दाखवायचे मार्ग अनेक आहेत. २०२२ साली टेनेसीने अलाबामाला ५२-४९ हरवलं, तेव्हा लोकांनी गोलपोस्ट उपटून गावातून मिरवत नेऊन नदीत विसर्जित केले. गणपतीनंतर तुम्हाला हे जमण्यासारखं आहे. मग युनिव्हर्सिटीनेच नव्या गोलपोस्टसाठी चाहत्यांकडे वर्गणी मागितली, हेही ओळखीचं वाटेल. दुसरं टोक अलाबामाच्या एका चाहत्याचं. ऑबर्नकडून हरल्याचा राग त्याने तिथल्या चौकातल्या जुन्या ओक झाडांना तणनाशक पाजून काढला, आणि रेडिओवर फोन करून स्वतःच सांगितलं. झाडं वाचली नाहीत. इतकं नको. पण टेलगेटमध्ये, म्हणजे सामन्याआधी पार्किंगमध्ये गाड्यांमागे रंगणाऱ्या पार्टीत, कोणी ही गोष्ट काढली तर ‘वाईटच झालं’ म्हणताना आधी समोरच्याच्या टी-शर्टचा रंग बघा.

आणि एखादा आगाऊ प्राध्यापक बार्बेक्यूच्या धुरात शिकागो युनिव्हर्सिटीचं नाव काढेल, तेव्हा विषय बदला. काय आहे, की शिकागो बिग टेनची संस्थापक. १९३५ सालची पहिली हाइजमन ट्रॉफी (वर्षातल्या सर्वोत्तम कॉलेज फुटबॉलपटूला देतात ती) तिथल्याच जे बर्वँगरला मिळाली. आणि १९३९ च्या मोसमानंतर त्यांचे अध्यक्ष हचिन्स यांनी फुटबॉल चक्क बंद केला. एवढं मोठं स्टेडियम ओस पडलं. मग रिकामटेकड्या लोकांनी त्याच्या प्रेक्षागॅलरीखालच्या रॅकेट कोर्टात ग्रॅफाइटच्या विटा रचल्या, आणि २ डिसेंबर १९४२ रोजी जगातली पहिली नियंत्रित अणुसाखळी अभिक्रिया घडवली. प्राध्यापक म्हणेल, त्यानंतर तिथे नोबेलवाल्यांची रीघ लागली. तुम्ही फक्त एवढंच विचारा, की त्या वर्षी बोल गेमला, म्हणजे मोसमाअखेरच्या मानाच्या सामन्याला, कोण गेलं होतं.