ड्रेसेलचे आकडे ही वंशावळ नव्हे

‘रोमनांचे ॲम्फोरा म्हणजे दारूचे रांजण. जर्मन अभ्यासक ड्रेसेलने त्यांचे १ ते ४५ प्रकार पाडले. आकडा जितका मोठा, तितका रांजण नंतरचा. महाराष्ट्रात असं खापर सापडलं, की तिथे रोमन दारू पोचली होती हे सिद्ध.’ हा मजकूर सध्या हातोहात फिरतो आहे. खापरं हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय, म्हणून एकेक दावा तपासतो.

आधी आकडे. हाइनरिख ड्रेसेल मुळात प्राचीन लेखांचा, म्हणजे वस्तूंवर कोरलेल्या-रंगवलेल्या मजकुराचा अभ्यासक. रोममध्ये सापडलेल्या रांजणांवरची रंगवलेली अक्षरं आणि ठसे तो वाचत होता. कुठला लेख कुठल्या घाटाच्या रांजणावर आहे हे सांगता यावं, म्हणून १८९९ मध्ये त्याने घाटांचा तक्ता छापला. आकडे म्हणजे त्या चित्रांचे क्रमांक, काळाचा क्रम नव्हे. ड्रेसेल १ हा इटलीतला जाड, बोजड रांजण इ.स.पू. पहिल्या शतकाच्या अखेरीस मागे पडला. त्याची जागा घेणारा हलका ड्रेसेल २-४ त्याच्यातून निघालेला नाहीच. त्याचे दुहेरी कान (प्रत्येक कान दोन दांड्या जोडून केलेला) ग्रीकांच्या कोस बेटावरच्या रांजणांवरून उचललेले आहेत. तक्त्यातले तीन आकडे इथे एकत्र लिहावे लागतात, कारण ते तीन घाट वेगळे ठरत नाहीत. उलट ड्रेसेल १ चे इटालियन पुरातत्त्वज्ञ लांबोल्याने १९५५ मध्ये तीन पोटप्रकार केले. शिवाय २-४ हा घाट स्पेन, गॉल (आजचा फ्रान्स) आणि इजिप्तमध्येही घडत होता. रांजण कुठला हे घाटावरून कळत नाही, माती पाहावी लागते. व्हेसुव्हियसच्या परिसरातल्या रांजणांच्या मातीत ज्वालामुखीची काळी रेती असते. एकदा पाहिली की विसरत नाही.

‘फक्त दारू’ हे तर रोम शहरच खोटं ठरवतं. तिथली माँते तेस्ताच्चो ही सुमारे ३५ मीटर उंचीची टेकडी फुटक्या रांजणांची आहे, आणि त्यांतले बहुतेक ड्रेसेल २० : दक्षिण स्पेनमधून ऑलिव्हचं तेल आणणारे गोल, पोटाळे रांजण. ड्रेसेल ७ ते ११ मध्ये माशांचं खारवलेलं कालवण यायचं.

आता महाराष्ट्र. नेवाशाला १९५४ ते ५६ च्या उत्खननात ॲम्फोराची खापरं नोंदली गेली, नंतर इतर ठिकाणीही. पण रोमन खापरांच्या अभ्यासक रोबर्टा टॉम्बर यांनी भारतातली अशी खापरं पुन्हा हाताळून पाहिली, तेव्हा ‘रोमन’ म्हणून नोंदलेली बरीच खापरं मेसोपोटेमियाकडच्या (आजच्या इराककडच्या) टॉर्पेडो नावाच्या लांबट रांजणांची निघाली. चूक होण्यासारखीच होती. दोन्हीकडे आतून काळा लेप, आणि हातात येतो तो बहुधा पोटाचा तुकडा. टॉर्पेडो रांजणाला ॲम्फोरासारखे कान नसतात, हे त्या तुकड्यावरून कसं कळणार? फरक लेपात आहे : रोमन दारूच्या रांजणात झाडाच्या राळेपासून केलेला, टॉर्पेडोत खनिज डांबराचा. हे टॉर्पेडो रांजण इराणच्या पार्थियन राजवटीच्या काळापासून इस्लामी काळाच्या सुरुवातीपर्यंत येत राहिले. गुजरातेत संजाणला ते भरपूर मिळाले आहेत.

रोमन दारू इकडे आलीच नाही, असं मी म्हणत नाही. इ.स. पहिल्या शतकातला ‘पेरिप्लस’ हा सागरी व्यापाराचा ग्रीक मार्गदर्शक बारिगाझा, म्हणजे भडोच बंदरात इटलीची दारू येते आणि तिलाच जास्त पसंती आहे, असं स्पष्ट लिहितो. त्याच यादीत पूर्व भूमध्याकडच्या लाओदिकेआ शहराची आणि अरबस्तानची दारूही आहे. त्यामुळे पैठण-तेरच्या बाजूला एखादं जाड खापर दिसलं, तर रोमचं नाव घेण्याआधी ते उलटून आतली बाजू पाहा, आणि फुटलेल्या कडेला माती पाहा.