आधी चुना, मग बोट

घराचं बाहेरचं प्लास्टर बाकी असतानाच नॅरोबोटीवर, म्हणजे कालव्यातल्या अरुंद, लांबट बोटीवर राहायला जायचं, हा तुमच्या लेखातल्या जोडप्याचा बेत वाचला आणि लिहावंसं वाटलं. आम्ही बर्मिंगहॅमला कालव्याच्या काठीच राहतो.

घर व्हिक्टोरियन, म्हणजे एकोणिसाव्या शतकातलं, मधे पोकळी नसलेल्या भरीव विटांच्या भिंतींचं असेल तर बाहेरून सिमेंट थापू नका. ओल आत कोंडते, विटांचे पापुद्रे सुटतात. चुनाच हवा. पण पारा 5 अंशांखाली गेला की चुना नीट धरत नाही, आणि ओला असताना गोठला तर भुगाच. म्हणजे काम उन्हाळ्यातच. बोट फिरवायचा मोसमही नेमका तोच, कारण हिवाळ्यात लॉकांची (बोट वरच्या-खालच्या पातळीवर नेणाऱ्या दरवाजांच्या कप्प्यांची) दुरुस्ती निघते आणि कालवे जागोजागी बंद असतात.

परांचीजवळ बोट बांधून गवंड्यावर लक्ष ठेवू म्हणाल, तर तेही जमणार नाही. कायमचं मूरिंग, म्हणजे बोट बांधायची ठरलेली जागा, नसेल तर ब्रिटनच्या 1995च्या जलमार्ग कायद्याप्रमाणे एका जागी सहसा 14 दिवसांपेक्षा जास्त राहता येत नाही. तेव्हा निदान यंदापुरतं मूरिंग घ्याच. पैसे जातील, पण काम रेंगाळून परांचीचं भाडं चढत राहण्यापेक्षा परवडेल.

रंगकामातून सुटलो असं तर मुळीच समजू नका! बोटीचा तळही दर दोन-तीन वर्षांनी पाण्याबाहेर काढून बिटुमेनने (डांबरासारख्या लेपाने) काळा करावा लागतो.

बाकी, बोट किती लांबीची घेताय? 57 फुटांपर्यंतची बहुतेक सगळीकडे जाते. 70 फुटी घेतलीत तर उत्तरेतल्या काही कालव्यांच्या लॉकमध्ये ती मावणारच नाही.