तापणाऱ्या जुन्या गाडीचा थर्मोस्टॅट काढू नका

उन्हाळा लागला की व्हॉट्सॲपवर एक मेसेज फिरतो. जुनी गाडी तापते? थर्मोस्टॅट काढून टाका. फॅन डायरेक्ट करा, म्हणजे थेट बॅटरीला जोडा. कूलंटचा (इंजिन गार ठेवणाऱ्या द्रवाचा) खर्च कशाला, साधं पाणी भरा. तापलीच तर बॉनेट उघडून गार पाणी मारा, आणि तापमानाचा काटा खाली आला की निघा. या पाचांतला एकही उपाय गाडी का तापते हे शोधत नाही, आणि शेवटचे दोन तर इंजिनच संपवतात.

‘थर्मोस्टॅट काढून टाका’

थर्मोस्टॅट ही आतल्या मेणावर चालणारी झडप आहे. मेण वितळून फुगलं की ती उघडते आणि पाणी रेडिएटरकडे जातं. किती अंशांना उघडणार तो आकडा तिच्यावरच कोरलेला असतो, बहुतेक ८२ किंवा ८८. ती बंद अवस्थेत अडकली तर गाडी तापते हे खरं, आणि अशा एखाद्या गाडीला या उपायानं गुण आला म्हणूनच मेसेज टिकून आहे. पण बिघडलेली झडप बदलायची असते.

झडपच नसेल तर इंजिन नीट तापत नाही. पेट्रोल जास्त लागतं, ऑइलमध्ये उतरलेला पाण्याचा अंश उडून जात नाही, त्याचा गाळ होतो आणि सिलिंडरच्या आतल्या भिंती झिजतात. बऱ्याच इंजिनांत थर्मोस्टॅटला मागे दुसरी चकती असते. पहिली उघडली की ती बायपासची, म्हणजे रेडिएटर टाळून जाणारी वाट बंद करते. ती काढली की गरम पाण्याचा काही भाग रेडिएटरकडे न जाता इंजिनातच फिरतो, आणि घाटात गाडी पूर्वीपेक्षा जास्त तापते.

तपासणी घरी होते. पातेल्यात पाणी घ्या, थर्मोस्टॅट दोऱ्यानं असा टांगा की तळाला टेकणार नाही. थर्मामीटर ११० अंशांपर्यंतचा हवा, तापाचा नव्हे. ८२ ची झडप त्याच सुमारास हलायला लागली पाहिजे आणि ९५ च्या आसपास पूर्ण, म्हणजे साधारण ८ मिमी उघडली पाहिजे. बसवताना मेणाची डबी इंजिनाच्या बाजूला, बारीक पिनेचं भोक असेल तर ते वरच्या अंगाला, आणि गॅस्केट (सांध्यातली गळती रोखणारी चकती) नवीन. गार इंजिनात रेडिएटर भरून, हीटर गरमवर ठेवून, झाकण उघडं असतानाच गाडी सुरू करा आणि बुडबुडे थांबेपर्यंत आयडलला चालू द्या. ही हवा आत राहिली तर सगळं काम नीट करूनही गाडी तापते.

‘फॅन डायरेक्ट करा’

आधी एवढं आठवा, गाडी तापते कधी? कोल्हापुरात दाभोळकर कॉर्नरच्या गर्दीत किंवा हंगामात उसाच्या ट्रॉल्यांमागे रांगताना तापते आणि हायवेला लागली की काटा खाली येतो, तर दोष फॅनमध्ये आहे. थर्मो स्विचचा (पाणी तापलं की फॅन चालू करणाऱ्या स्विचचा) कनेक्टर काढा आणि त्याची दोन्ही टोकं वायरच्या तुकड्यानं जोडा (स्विच दोन वायरींचा असेल तरच). इग्निशन चालू असताना फॅन फिरला तर स्विच गेला. नाही फिरला तर फ्यूज, रिले, मग मोटर. रिले टाळून डायरेक्ट केलेला फॅन वायर तापवतो आणि खरा दोष झाकून ठेवतो.

ज्योतिबाच्या चढाला किंवा कोकणातून करूळ घाट चढताना तापत असेल, तर फॅनकडे बघूच नका. रेडिएटर आतून चोंदलाय, वॉटर पंपाची पाती झिजलीत, नाहीतर रेडिएटरचा खालचा होज (रबरी नळी) आतून मऊ झालाय. गाडी उभी ठेवून रेस वाढवा आणि खालच्या होजकडे बघा. तो ओढला जाऊन चपटा होत असेल तर पाणी तिथंच अडतंय. बाहेरून एसीच्या कंडेन्सर आणि रेडिएटरच्या मध्ये धूळ-पाचटाचा थर बसतो. तो इंजिनाच्या बाजूनं बाहेर, हलक्या धारेनं धुवायचा. प्रेशर वॉशरनं जाळीची पाती दुमडतात.

‘साधं पाणी चालतं’

कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटरवर आहे, इथं उघडं पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं. ०.९ आकडा असलेलं रेडिएटरचं झाकण दाब धरून ही मर्यादा ११७ च्या आसपास नेतं, आणि निम्मं कूलंट असेल तर १२५ च्या जवळ. झाकणाचं रबर चिरलं की हा सगळा फायदा गेला, म्हणून रेडिएटर काढण्याआधी झाकण बदलून बघा. बोअरवेलच्या जड पाण्याचा क्षार नळ्यांत साचतो, आणि ॲल्युमिनियमचं हेड (सिलिंडरवर बसणारा इंजिनाचा वरचा भाग) गंजरोधकाशिवाय झिजत जातं. कॉन्सन्ट्रेटमध्ये (पाणी न घातलेल्या कूलंटमध्ये) डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं घाला. तयार मिश्रणाच्या कॅनमध्ये मात्र पाणी घालायचं नाही.

‘गार पाणी मारा’

अजिबात नाही. तापलेल्या लोखंडावर आणि ॲल्युमिनियमवर गार पाणी पडलं की हेड वाकतं किंवा तडकतं. काटा चढताना दिसला तर एसी बंद, हीटर गरमवर, ब्लोअर पूर्ण, आणि गाडी बाजूला. वाफ निघत असेल तर इंजिन लगेच बंद. निदान पाऊण तास झाकणाला हात नको. फॅनपासूनही हात लांब, काही गाड्यांत किल्ली काढल्यावरही तो अचानक फिरतो.

‘काटा खाली आला, निघा’

यानंच सर्वांत जास्त इंजिनं जातात. पाणी संपलं की सेन्सर वाफेत उघडा पडतो आणि इंजिन भाजत असतानाच काटा खाली येतो. आधी पाणी किती उरलंय ते बघा, तेही गाडी पूर्ण गार झाल्यावर.

एकदा चांगली तापलेली गाडी दुसऱ्या दिवशी सकाळी गार असताना तपासा. झाकण काढून सुरू करा. रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे येत असतील, किंवा झाकण लावल्यावर मिनिटभरात वरचा होज दगडासारखा कडक होत असेल, तर हेड गॅस्केट, म्हणजे हेड आणि इंजिनामधली गॅस्केट, गेलं. डिपस्टिकवर दुधाळ ऑइल दिसलं तर गाडी चालवू नका, टो करूनच न्या. नुसतं गॅस्केट बदलून हेड परत बसवू देऊ नका. हेडवर सरळ पट्टी ठेवून खाली फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) सरकवायला सांगा. बऱ्याच छोट्या इंजिनांना ०.०५ मिमीपर्यंतचाच बाक चालतो, त्यापुढे गेला तर उद्यमनगरातल्या वर्कशॉपमध्ये हेड फेसिंग करून, म्हणजे घासून सपाट करून घ्या आणि तडा आहे का ते त्याच वेळी प्रेशर टेस्ट करून बघा.